हडकर सरांचा हिरवा ठिपका

तोंडवलीच्या हरिश्चंद्र गंगाराम हडकरांविषयी पंचक्रोशीत दोन समज पक्के होते. एक, ते लेझरवर काम करतात. दोन, ते काम नेमकं काय आहे हे सरकार सोडून कोणाला ठाऊक नाही. दुसरा समज सरांनी कधी पसरवला नव्हता. त्यांनी तो कधी खोडलाही नव्हता. आमच्याकडे माणसाला मोठं व्हायला एवढं पुरतं.

वडील गंगाराम रापणीला जात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अख्ख्या वाडीने मिळून ओढायचं जाळं. दोर सगळ्यांनी एका लयीत ओढावा लागतो. हरिश्चंद्राला लहानपणापासून दुसऱ्याच्या लयीचा कंटाळा. तो दोराला हात लावून उभा राही आणि मासे आले की इतरांना सांगे की हे असंच होणार हे त्याला आधी माहीत होतं. पुढे मामाकडे मुंबईला जाऊन त्याने भौतिकशास्त्राची पदवी घेतली, आणि हुशारीच्या जोरावर एका संशोधनसंस्थेत शिरला. हुशारी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुष्कळांना ती असते.

तिथे त्याला जे पाहायला मिळालं ते सांगण्यासारखं होतं, आणि चहा थंड होण्याआधी सांगून होण्यासारखं होतं. काही द्रव असे असतात की ते पाण्यासारखे वाहतात, पण त्यांतले लांबट रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात. बांगडा माशांचा थवा मोकळा पोहत असतो, पण सगळ्यांची तोंडं एकीकडे, तसं. वाहतो म्हणून द्रव आणि शिस्त आहे म्हणून स्फटिक, नाव द्रवस्फटिक. असा द्रव दोन काचांच्या फटीत केसाएवढ्या जाडीचा भरायचा, त्यात कणभर रंग मिसळायचा आणि त्यातून लेझरचा झोत सोडायचा. साध्या दिव्याच्या लाटा बाजारातल्या गर्दीसारख्या, जिकडेतिकडे. लेझरच्या लाटांचा रेटा एकाच दिशेने. तो रेटा लागला की थवा वळतो. झोत मधोमध दाट असतो, तिथे जास्त वळतो, कडेला कमी. आणि जिथे रेणू वळले तिथे उजेडाची चाल बदलते. म्हणजे उजेडाने सपाट द्रवाचं स्वतःच भिंग करून ठेवलं, आणि मग त्या भिंगातून जाताना त्याचीच वाट वाकडी झाली. समोरच्या भिंतीवर ठिपक्याच्या जागी एकात एक हिरवी वलयं उमटतात; सावकाश, एकामागून एक, कोणी आतून ढकलत असल्यासारखी.

अट एकच. द्रव फार तापता कामा नये. सरांकडचा द्रव पस्तीस अंशांच्या वर गेला की थव्यात दाणादाण होते, शिस्त संपते आणि उरतो तो साधा द्रव. त्यातून गेलेला लेझर भिंतीवर ठिपका पाडतो आणि गप्प राहतो. जवळच्या कट्टा गावच्या एसटी थांब्यावर स्कूटर लावणाऱ्या कुणालाही हे पटलं असतं. उन्हात ठेवलेल्या स्कूटरचा आकडेवाला मीटर काळा पडतो आणि सावलीत आणला की शुद्धीवर येतो, हे तिथे पानवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मीटरातही असलाच द्रव असतो, फक्त जरा जास्त सोशिक.

झालं, एवढंच. यात गुप्त काही नव्हतं. हडकर सरांनी हे तीस वर्षांत एकदाही कुणाला सांगितलं नाही.

मुंबईतही त्यांचं याच पायी फिसकटलं. मार्गदर्शकांनी प्रबंधाचं पहिलं प्रकरण परत केलं आणि म्हणाले, हे तुझ्या वडिलांना समजेल असं लिहून आण. सरांना हा वडिलांचा नव्हे, स्वतःचा अपमान वाटला. प्रकरण पुन्हा लिहिलं गेलं नाही. काही महिन्यांनी ते एक खोकं घेऊन गावी आले. खोक्यात काचा, भिंगं आणि इंजेक्शनच्या बाटलीएवढी द्रवाची कुपी होती. बॅटरीवरचा हिरवा लेझर त्यांनी मागाहून आणला. कट्ट्याच्या बाजारापासून थोडं आत एक कॉलेज नवीनच निघालं होतं. त्याला भौतिकशास्त्राचा माणूस हवा होता आणि मुंबईहून परत आलेला कोणीही चालणार होता.

कॉलेजने त्यांना पत्र्याखालची एक कोंदट खोली दिली. सरांनी तिच्या भिंती काळ्या केल्या, एकुलती खिडकी विटांनी चिणून घेतली, दाराला छत्रीच्या कापडाचा पडदा लावला आणि बाहेर पाटी ठोकली: लेझर. प्रवेश निषिद्ध. त्या क्षणी ते भौतिकशास्त्राचे मास्तर राहिले नाहीत. ते लेझर सर झाले. सकाळी कॉलेज भरण्याआधी ते आत जात, पडदा ओढून घेत, वलयं बघत आणि कोणाच्याही नजरेला नजर न देता बाहेर येत. वर्गात ते जुन्या टिपणांतून शिकवत. त्या खोलीत काय आहे असं कोणी विद्यार्थ्याने विचारलंच तर म्हणत, "आधी तिथवर या." तिथवर कोणी आलं नाही. कुठवर यायचं हेच कोणाला माहीत नव्हतं.

घरात मात्र पाटी ठोकता येत नव्हती. सरांच्या पत्नी विनीताबाई मालवणच्या, मासळीबाजाराच्या शेजारी वाढलेल्या. त्यांना उत्तर मिळेपर्यंत विचारायची सवय होती.

"लेझर लेझर म्हणतास, तेचा नेमका काय करतास ओ?"

"प्रकाश आणि पदार्थ यांच्यातील अरेषीय परस्परक्रिया," सर म्हणत. घरातही ते प्रमाण मराठीच बोलत; मालवणी ते फक्त कुत्र्याशी बोलत.

"म्हणजे दिसता काय?"

"तो दिसण्याचा विषय नाही."

"मगे रोज सकाळी काळोखात जावन बघतास काय?"

यावर सर वर्तमानपत्र उघडत. विनीताबाईंनी पुढे विचारणं सोडलं, आणि वाडीत कोणी विचारलं की सांगत, "ते बाँब करतत. फुटणा नाय अजून." यातला निम्मा भाग वाडीने खरा मानला आणि सरांचा मान वाढला.

असं बरं चाललं होतं. मग मालवणात पर्यटक वाढले. कॉलेजमध्ये भौतिकशास्त्राच्या बाकांवर कबुतरं बसू लागली आणि हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला मुलं उभी राहायला जागा मिळेना. त्या मुलांना स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकासाठी खोली हवी होती, आणि कॉलेजात रिकामी म्हणण्यासारखी एकच होती. विद्यापीठाकडून तपासणी समिती यायची ठरली. तिला भौतिकशास्त्रात जीव दिसला तर विभाग राहील. नाही दिसला तर तो बंद होईल, खोली हॉटेलवाल्यांना मिळेल आणि सर संस्थेच्या जामसंड्याच्या शाखेत अकरावीला शिकवायला जातील. तिथे ना काळी भिंत, ना पाटी. त्या खोलीबाहेर आपण एक बेताचे मास्तर आहोत, हे गावात फक्त एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस ते स्वतः होते.

पण खोलीत वलयं होती. समितीला वलयं दाखवली की प्रश्न मिटला, इतकं हे सोपं होतं.

आता संस्थेचे अध्यक्ष दाजी परब. काजूचे बागायतदार, शिक्षण जेमतेम, पण संस्थेचा एकही खांब त्यांनी गावच्या रवळनाथाला विचारल्याशिवाय उभा केला नव्हता. समितीचा दिवस एप्रिलमधला, समितीनेच ठरवलेला. देवाला त्यात वाव उरला नव्हता. दिवसाचा क्रम मात्र संस्थेच्या हातात होता. समिती अकराच्या सुमाराला पोचणार, तर आधी तपासणी की आधी जेवण? दाजींच्या मते हा प्रश्न देवापुढे ठेवण्याइतका गंभीर होता. उपाशी पाहुण्याकडून आजवर कुठल्या संस्थेचं भलं झालंय, हे पाहता त्यांचं अगदीच चुकत होतं असंही म्हणवत नाही.

तर एका संध्याकाळी कॉलेजचा सगळा शिक्षकवर्ग देवळात जमला. कौल लावायची पद्धत साधी. शिवा गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण त्याआधी आमच्या देवळात एक जुनी रीत आहे, आणि ती कोणा शहाण्याने घातली असावी. गुरव लोकांकडे वळतो आणि विचारतो की यात कोणाला काही सांगायचंय का. जो जे सांगेल ते गाऱ्हाण्यात जातं. देव उत्तर देण्याआधी माणसांना एकमेकांचं ऐकून घ्यावं लागतं.

"कोणाचा काय म्हणणा आसा तर आताच बोला," शिवा म्हणाला. "मगे देवाक दोष देवचो नाय."

ग्रंथपाल म्हणाला, दुपारी वाचनालयात ऊन येतं, पंखा बंद आहे, तेवढा दुरुस्त होऊ दे. संगणकाच्या बाई म्हणाल्या, दुपारी वीज जाते. शिवाने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने देवळाबाहेर पाहिलं. हडकर सर पायरीखाली बूट घालून उभे होते. देवस्थानाशी त्यांचा तात्त्विक मतभेद होता, त्यामुळे ते बूट काढत नसत.

"सर, तुमचा काय?"

सरांच्या ओठांवर एक वाक्य आलं. सकाळी ठेवा, दुपारी तापलं की होत नाही. इतकंच. ते बोलले असते तर गाऱ्हाण्यात गेलं असतं, आणि नसतं गेलं तरी दाजींच्या कानात गेलं असतं. पण ते बोलणं म्हणजे तीस वर्षं ज्याचा दरारा होता ती चीज माठाच्या भाजीच्या जुडीसारखी उन्हात कोमेजते, असं ग्रंथपालासमोर कबूल करणं. मग कोणी विचारणार की का कोमेजते. मग सांगावं लागणार. आणि सांगितलं, तर त्या लोकांना ते कळणार. हे सर्वांत वाईट.

"माझं शास्त्र कळ्यांवर अवलंबून नाही," सर म्हणाले.

"सर, पुन्ना एकदा ईचारतंय. काय सांगूचा आसा?"

"नाही म्हटलं ना."

"बरा तर," शिवा म्हणाला आणि वळला. "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे इली आसत. पावणे येतले. तेंका आधी जेवाण घालूचा असा दाजींच्या मनात आसा. ग्रंथपालाचो पंखो सुरू होवंदे, बायेची वीज ऱ्हवांदे. तुझ्या मनात जा आसात ता दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

आणि मग, सांगायला संकोच वाटतो, हडकर सर टाचा उंचावून डाव्या कळीकडे बघू लागले. तपासणी आधी झाली तर खोली बत्तीस-तेहतीस अंशांवर असेल. कळी डावी पडायला हवी. शक्यता पन्नास टक्के, ते मनाशी म्हणाले, ही काही वाईट शक्यता नाही. उभ्या जन्मात त्यांनी देवळात एवढं मन एकाग्र केलं नव्हतं. उजवी कळी पडली.

समिती आली. समितीचे अध्यक्ष घाटावरचे, निवृत्त, मान डोलावण्यात मुरलेले. सोबत डॉ. संचिता देशमाने म्हणून एक तरुण प्राध्यापिका. दोघांना दाजींच्या अंगणात मांडवाखाली बसवण्यात आलं आणि सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, पुन्हा सुरमई असा मारा सुरू झाला. अध्यक्षांनी तिसऱ्यांदा भात घेतला, मग दाजींच्या आरामखुर्चीत त्यांचे डोळे मिटले. उठवणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. कट्ट्याच्या बाजारात दुपारची दुकानं बंद झाली, कुत्री गाड्यांखाली शिरली, आणि कॉलेजच्या पत्र्याखाली, चिणलेल्या खिडकीआड, काळ्या खोलीत हडकर सर घामाने निथळत बसून राहिले. त्या दिवशी सकाळी सातला त्यांनी वलयं पाहिली होती. एकात एक नऊ, रेखीव. आता भिंतीवरचा तापमापक अडतीस दाखवत होता. त्यांनी तो खुंटीवरून काढला आणि खिशात घातला.

तीन वाजता पडदा बाजूला झाला.

"काय पाहायचं आपण?" अध्यक्षांनी जांभई दाबत विचारलं.

"पाहा," सर म्हणाले. एवढा एक शब्द त्यांनी छान म्हटला. त्यांनी दिवा मालवला आणि लेझर सुरू केला.

भिंतीवर हिरवा ठिपका पडला.

सगळ्यांनी ठिपक्याकडे पाहिलं. ठिपक्याने सगळ्यांकडे पाहिलं.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "आणि आता?"

"गोल आसा हां एकदम," दाजी आदराने म्हणाले. तीस वर्षांत तेही पहिल्यांदाच आत आले होते.

"सर, द्रवस्फटिक आहे ना त्या काचेत?" संचिता पुढे झाली. "मग वलयं यायला हवीत. माझ्याकडे मुली करतात हा प्रयोग, फार मजा येते त्यांना."

आयुष्यात पहिल्यांदा सरांना असं माणूस भेटलं होतं की ज्याला खोलीत काय आहे ते ठाऊक होतं. कोणी म्हणेल, त्यांना आनंद झाला असेल. झाला नव्हता. शिवाय मुली करतात आणि मजा येते, ही दोन वाक्यं त्यांना स्वतंत्रपणे लागली.

"खोली भयंकर तापलीय," ती म्हणाली. "पस्तीसच्या वर नक्की असेल. तापमापक आहे?"

"नाही," सर म्हणाले. खिशातला तापमापक मांडीला टोचला. "तापमानाचा प्रश्नच नाही. इकडे वीजदाब कमी असतो."

"पण लेझर बॅटरीवर चाललाय."

"बॅटरीचा दाब," सर म्हणाले.

मग काच पुसायची म्हणून त्यांनी ती काढली आणि कपाटाआड गेले. कपाटामागे दाजींच्या घरून आलेली गार सोलकढीची बाटली होती. सरांनी काच तिला लावून धरली. शास्त्र म्हणून हे चूक नव्हतं; द्रव खरोखरच गार झाला. पण एप्रिलमधली मालवणची हवा म्हणजे अर्धा समुद्रच. गार काचेवर पाच मोजायच्या आत दव धरलं. सरांनी ती परत बसवली तेव्हा लेझर त्या हजार थेंबांत शिरून चेंदामेंदा झाला आणि भिंतीवर हिरवं शेवाळ पसरल्यासारखं झालं. खोलीभर आमसुलाचा वास आला.

"आता बघा!" दाजी भिंतीकडे बोट करून खुलले. "अख्खी वण्टी पेटली!"

"वा," अध्यक्ष म्हणाले.

"दव आलंय काचेवर," संचिता म्हणाली. ती हसली नाही, ही तिची सभ्यता. ती हलक्या आवाजात सांगू लागली, "सर, हे कोणाच्याही हातून होतं. माझाही प्रयोग मे महिन्यात असाच पडला होता. आम्ही आज मालवणात मुक्कामाला आहोत. मी उद्या सकाळी सातला एकटी येते. तुम्ही फक्त सांगा, तापलं म्हणून झालं नाही, सकाळी होईल. तसं मी समितीत मांडते."

"सकाळी होता?" दाजी चमकले. "मगे सकाळीच ठेवला असता! सर?"

काळोखात सगळे आपल्याकडे वळल्याचं सरांना जाणवलं. होय म्हटलं की खोली वाचत होती. पण होय म्हटलं की लगेच दाजींचा पुढचा प्रश्न येणार होता, मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत? आणि त्याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"सकाळ-दुपारचा यात काही संबंध नाही," सर म्हणाले. "हे नवशिक्यांचे निकष झाले. जाणकाराला ठिपका पुरतो."

खोलीतली एकुलती जाणकार, काचेवरचं दव वाळून पुन्हा उमटलेल्या त्या ठिपक्याकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दाजींची मोटारसायकल तोंडवलीला हडकरांच्या घरापुढच्या खळ्यात येऊन थांबली. विनीताबाईंनी चहा ठेवला. सर ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते, कालचं.

"सर, ती बाय काल माझ्याकडे जेवली," दाजींनी सरळ सुरुवात केली. "तिना माका सगळा समजायल्यान. मासळीसारखी ती द्रवातली काय ती... रेणू, ती तापली की भरकाटतत. खरा काय ह्या?"

"अर्धवट ज्ञान आहे तिचं."

"अर्धा आसात. पण जा अर्धा आसा ता माका कळला. तुमचा पुराय आसा, ता तीस वर्सात कोणाक कळला नाय."

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

"शिवान देवळात दोनदा ईचारल्यान," दाजी म्हणाले. "ग्रंथपाल पंख्यासाठी बोललो. तुमका काय झाला होता? दातखिळी बसली?"

"मी देवाला वेळापत्रक विचारत नाही."

"देवाक नाय ओ, मेल्यानू, आमका सांगूचा होता! आमी थंयच उभे होतो मां!"

सरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. दाजींनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि सरांसमोर धरला. "ती अजून मालवणात आसा. आठ वाजता गाडी सुटता तेंची. तुमी फक्त म्हणा, येवा. तुमची खोली ऱ्हवली. मी ह्यापुढे एक शब्द काढूचंय नाय, रवळनाथाची आण."

फोनमधून घंटी वाजत होती. सकाळची हवा छान गार होती, अठ्ठावीस-एकोणतीस असावं. असल्या हवेत वलयं फार रेखीव येतात, हे सरांच्या मनात येऊन गेलं. विनीताबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या.

"हॅलो?" फोनमधून संचिताचा आवाज आला. "दाजी? बोला."

सरांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"हॅलो?"

"मला कोणाला पटवण्याची गरज नाही," सर वर्तमानपत्राला म्हणाले.

दाजींनी फोनवर काहीतरी पुटपुटून तो बंद केला आणि विनीताबाईंकडे पाहिलं. विनीताबाईंनी कप त्यांच्या हातात दिला.

"चाय घेवा दाजी," त्या म्हणाल्या. "त्या काचेतल्याक ऊन सोसणा नाय आणि ह्येंका प्रश्न. दोघांकय सावलीत ठेवूक होया."

समितीचा निर्णय यायला महिना लागला. विभाग बंद. संचिताने स्वतंत्र काही लिहिलं नव्हतं. अध्यक्षांच्या एका वाक्याखाली तिची सही होती, आणि ते वाक्य असं की विभागात भिंतीवर ठिपका पाडण्याची सोय आहे. हॉटेल व्यवस्थापनवाले जूनमध्ये काळ्या खोलीत शिरले. पहिल्याच दिवशी त्यांचा शिक्षक आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला की इथे माणूस उकडून मरेल. त्याने चिणलेली खिडकी फोडली, पत्र्याखाली छत घातलं, हवा खेचणारा पंखा लावला. आता तिथे भर दुपारीही बरं वाटतं. मुलं केक करतात.

जामसंड्याला जाण्यापूर्वी संस्थेने सरांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, काजूचा पुडा. गावाला समिती नापास करून गेली हे माहीत होतं, पण लेझर नापास झाला यावर गावाचा विश्वास नव्हता. काय दिसायला हवं होतं हे कोणालाच माहीत नसल्यामुळे ते दिसलं नाही हेही कोणाला कळलं नव्हतं. बोलबाला उलटाच होता: सरकारने घाबरून बंद केलं.

दाजी भाषणाला उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नव्हती.

"सरांनी ह्या संस्थेक तीस वर्सा दिली," दाजी म्हणाले, "आणि शेवटाक एक ठिपको दिल्यानी. मी माझ्या डोळ्यान बघलंय. इतको गोल ठिपको ह्या तालुक्यात दुसरो नाय. सरांनी सांगल्यानी, जाणकाराक ठिपको पुरता. आमी जाणकार नाय. पण आमकाय पुरलो."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. विनीताबाईंनी पदर तोंडाला लावला. सरांनी दाजींकडे पाहिलं. दाजी अत्यंत गंभीरपणे त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

मागच्या रांगेतून शिवा गुरव उठला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"सर, जातास तर जाता जाता एकदा सांगान जावा. त्या खोलयेत काय होता?"

पंखे फिरत होते. दोनशे माणसं मान पुढे काढून बसली होती. इतकी माणसं हडकर सरांचं इतक्या मनापासून ऐकायला पूर्वी कधी बसली नव्हती. सर उठले. ध्वनिक्षेपकाजवळ गेले. त्यांनी शाल सावरली, घसा साफ केला, आणि क्षणभर, निदान शिवाला तरी असं वाटलं, की आता ते सांगणार.

"विषय सखोल आहे," हडकर सर म्हणाले, "आणि वेळ अपुरा."

मग ते खाली बसले, आणि लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या.